लुसीचं सकाळचं पाणी

लातूरच्या स्टेशनावर अपंगांच्या डब्यात चढताना सिंधूनं नवऱ्याचा हात धरला नाही. तसं ठरलंच होतं. आठ दिवसांपूर्वी भाकरी मोडता मोडता वीरभद्रनं अट घातली होती.

"सोबत चल, शरूलाही घे. पण मला हात लावायचा न्हाई. चुकलो तरी, ठेचाळलो तरी. जूनपासनं दर सोमवारी मी एकटाच जाणार हाय. तर ह्या खेपेला तू गाडीत न्हाईसच असं समजून मी चालणार."

"आणि पडलात तर?"

"तर उठंन."

म्हणून ती दहा पावलं मागं होती. कडेवर अडीच वर्षांची शरण्या, खांद्याला दोन पिशव्या, आणि डोळे नवऱ्याच्या पायांवर. त्याच्या डाव्या हातात एक ताठ दांडी होती. दांडी लुसीच्या पाठीवरच्या पट्ट्याला जोडलेली, आणि लुसी म्हणजे फिकट पिवळ्या रंगाची, शहाण्या चेहऱ्याची लॅब्रॅडॉर कुत्री. दाराशी आल्यावर लुसी थांबली, पुढचे दोन पाय पायरीवर ठेवून उभी राहिली. वीरभद्रनं पायानं पायरी चाचपली आणि चढला. सिंधूचा जीव भांड्यात पडला, तो पुढच्या क्षणी पुन्हा बाहेर आला, कारण आता आत जागा मिळायची होती.

लग्न झालं तेव्हा वीरभद्रला नीट दिसत होतं. मग आधी रात्रीचं दिसेनासं झालं, मग बाजूचं, आणि शरण्या पोटात असताना उरलंसुरलंही गेलं. डोळ्यांच्या पडद्याचा आजार, त्याला औषध नाही, असं हैदराबादच्या डॉक्टरांनी सांगितलं. तोवर त्याचं इतिहासात एम.ए. झालेलं होतं, प्राध्यापकीची परीक्षाही पास होती. आता नांदेडच्या एका कॉलेजातून नेमणुकीचं पत्र आलं होतं, आणि आज तिथं कागदपत्रं द्यायला जायचं होतं. एकट्यानं जाता आलं तर प्राध्यापक. नाही जाता आलं तर वडिलांची, संगप्पांची, मोंढ्यातली डाळीची आडत होतीच. तिथं गादीवर बसायचं, हमालांचे आवाज ऐकायचे आणि संध्याकाळी कुणीतरी हाताला धरून घरी आणायचं. "काय वाईट हाय त्यात?" असं संगप्पा रोज विचारत. वीरभद्र बेंगळुरूकडच्या, आंधळ्यांना वाट दाखवणारी कुत्री शिकवणाऱ्या एका संस्थेत महिनाभर राहिला आणि लुसीला घेऊन आला.

त्यात काय वाईट आहे, हे सिंधूलाही कळत नव्हतं. मात्र तिनं तसं कधी बोलून दाखवलं नव्हतं.

आणि आज पहाटे एक गोष्ट तिनं केली होती. लुसीला दिवसातून तीनदा पाणी, पहिलं पहाटे पाच वाजता, वाडगाभर. हे संस्थेनं घालून दिलेलं होतं आणि वीरभद्र ते देवपूजेइतकं जपायचा. आज गडबडीत ते काम सिंधूकडे होतं. न्हाणीतून त्याचा आवाज आला, "लुसीला पाजलंस का?"

"पाजलं."

वाडगा कोरडा होता. लुसी त्यात नाक घालून उभी होती आणि मान वर करून सिंधूकडे बघत होती. रात्रीही तिला निम्माच वाडगा मिळाला होता. नऊ दिवस गल्लीत टँकर आला नव्हता, मिरजेहून पाण्याची गाडी आली तरी त्यातलं आपल्या नळाला कधी येईल ते कुणी सांगत नव्हतं, हे सगळं खरंच होतं. पण घागर निम्मी भरलेली होती हेही खरं होतं. सिंधूला भीती वेगळीच होती. भर डब्यात कुत्रीनं लघवी केली तर? लोक गाडीतून उतरवतील, चार शब्द सुनावतील, आणि तिच्या नवऱ्याला ते ऐकून घ्यावे लागतील. नको ते पाणीच नको. पाच-सहा तासांचा तर प्रश्न.

ज्याला दिसत नाही त्याच्याशी खोटं बोलायला काहीच लागत नाही, हे तिला त्या एका शब्दात कळलं, आणि ते तिला आवडलं नाही.

डब्यात धडधाकट माणसंच जास्त होती. खिडकीपाशी उदगीरचं एक म्हातारं जोडपं बसलं होतं, लातूरचं काम आटपून परळीला लेकीकडं निघालेलं. बसलिंगप्पांनी वीरभद्रच्या कपाळावरची विभूती पाहिली आणि सरकून जागा केली. "शरणू शरणार्थी. बसा मालक. आमी काय अपंग न्हाई, पर हिचे गुडघे गेलेत, तेवढ्यावर चाललंय."

"माझे गुडघे आन् ह्यांची अक्कल," रत्नम्मा म्हणाल्या. "मिळून एक माणूस अपंग होतंय की न्हाई?" मग त्यांची नजर खाली गेली आणि त्यांनी पाय वर घेतले. "अगं बया! कुत्रं! चावतंय का ओ?"

"न्हाई काकू. कामावर हाय ती. फक्त हात लावू नका."

"कामावर!" रत्नम्मांनी लुसीला हात जोडले. "मल्लण्णाच्या, खंडोबाच्या पायाशी बसणारं. आमच्या ह्यांना चाळीस वर्षात कामाला लावता आलं न्हाई मला."

तेवढ्यात गार्डसाहेब येऊन डोकावले. लातूरच्या स्टेशनमास्तरांनी दिलेली परवानगीची चिठ्ठी त्यांनी दोनदा वाचली, लुसीकडे पाहिलं. "बसू द्या. पण घाण झाली तर परळीला उतरवणार. आधीच सांगून ठेवतो."

सिंधूनं मान हलवली. बघा, बरंच केलं आपण, असं ती स्वतःला म्हणाली. लुसी बाकाखाली शिरून वीरभद्रच्या पायांवर हनुवटी टेकून पडली होती. तिची जीभ बाहेर होती.

लातूर रोड स्टेशन गेलं. मे महिन्याचं ऊन खिडकीतून मांडीवर येऊन बसलं. बाहेर काळी रानं उघडी पडली होती, भेगाळलेली, एखादं लिंबाचं झाड सोडलं तर हिरवं असं काही नाही. बसलिंगप्पा उदगीर जिल्हा होणार ह्या विषयावर आले होते. "झालाच समजा. कलेक्टर हापिस, कोर्ट, समदं आमच्याकडं. मग मालक, तुमाला नांदेडला जायचं काम न्हाई. उदगीरलाच बदली मागायची, गाडीत बसलं की तासा-दीडतासात घरात."

"लातूर जिल्हा झाला तवा मी ऐन तरणी होते," रत्नम्मा म्हणाल्या. "तवाबी हे असंच म्हणायचे, समदं आपल्या दारात येणार. काय आलं? टँकर आला."

वीरभद्र मोठ्यानं हसला. सिंधूला मात्र तो जिल्हा खराच वाटायला लागला. उदगीर चाललं असतं. उदगीरला तिची मावशी होती. ती मनातल्या मनात खोली भाड्यानं घेऊ लागली, दाराशी किती पायऱ्या असतील ते मोजू लागली. खाली लुसीचं धापा टाकणं वाढलं होतं. सिंधूनं शरण्याला मांडीवर घेऊन थोपटायला सुरुवात केली, जरा जास्तच जोरात.

परळीला गाडी बराच वेळ थांबते. म्हातारं जोडपं आशीर्वाद देत उतरलं. वीरभद्र उठला. "लुसीला मोकळी करून आणतो. पाच वाजता वाडगाभर प्यायलीय, आता लागली असंल तिला."

सिंधू शरण्याला कडेवर घेऊन मागोमाग उतरली, दहा पावलांवर.

सुरुवातीला सगळं सरळ चाललं होतं. लुसी चहाच्या गाड्याला वळसा घालून गेली, बाकावरून बाहेर आलेल्या कुणाच्या तरी पायांपाशी थांबली. मग पलीकडच्या रुळांमधून, जिथं डब्यांत पाणी भरायचे पाइप असतात, तिथून थेंब पडल्याचा आवाज आला. एक जोड गळत होता आणि खाली खडीत ओंजळभर पाणी साचलं होतं. लुसीची मान तिकडं वळली. मग खांदे वळले. मग दांडीसकट वीरभद्र वळला. तो विश्वासानं वळला. फलाटाची कड तीन पावलांवर होती, मग दोन.

कडेला लुसी थांबली. पण थांबताना तिनं मान खाली घातली, दांडी झुकली, आणि वीरभद्रचा तोल पुढं गेला. त्याचा उजवा पाय फलाटाच्या बाहेर, मोकळ्या हवेत होता, तेव्हा सिंधूनं मागून त्याचा सदरा धरला.

दोघं मागं खालीच बसली. शरण्या रडायला लागली. लोक धावत आले.

"आंधळ्या माणसाला कुत्र्याच्या हवाली केलंय व्हय?"

"बाई, शिकल्यासवरल्या दिसता तुमी! हात धरायला काय होतंय?"

वीरभद्रनं दांडी सोडून दिली होती. डब्यापर्यंत तो सिंधूचा दंड धरून आला. लुसी आल्यावरच्या दोन महिन्यांत पहिल्यांदा.

गाडी सुटल्यावर तो म्हणाला, "संस्थेला फोन करतो उद्या. घेऊन जा म्हणतो हिला."

"अहो..."

"न्हाई सिंधू. तिनं मला कडेला नेलं. तिथं गाडी येत असती तर? आप्पा बरोबर म्हणतात. नांदेडला जाऊ, नको म्हणून पत्र देऊ आणि परत येऊ. आडतीवर बसतो." आवाजात राग नव्हता. जागा आवरून ठेवावी तसं त्यानं सगळं आवरून ठेवलं होतं.

आणि सिंधूला बरं वाटलं. हे तिला पुढं कधी स्वतःपासून लपवता आलं नाही. दहाएक मिनिटं ती अगदी सुखात होती. दर सोमवारी काळीज हातात घेऊन बसणं नाही. फोन वाजला की धसका नाही. नवरा डोळ्यांसमोर, मोंढ्यात, हाकेच्या अंतरावर. त्यासाठी तिला काहीही करायचं नव्हतं. फक्त गप्प बसायचं होतं.

तिनं नवऱ्याकडं पाहिलं. त्याचे दोन्ही हात मांडीवर पालथे पडले होते, कुणाची तरी वाट बघत असल्यासारखे. हे हात आता असेच राहणार. चहा आणून दिला की उचलतील, नाही दिला की तसेच. बाकाखाली लुसी होती. तिच्या अंगावरचा पट्टा काढलेला होता, म्हणजे ती आता कामावर नव्हती, आणि तरीही ती त्याच्या चपलेवर हनुवटी टेकून होती. जीभ कोरडी, काठाशी पांढरी.

पाणी आपण कशासाठी अडवलं, असं सिंधूनं स्वतःला विचारलं. लोक बोलतील म्हणूनच ना? की असं काहीतरी व्हावं म्हणून? तिला नक्की सांगता आलं नाही, आणि ते न सांगता येणंच तिला सहन होईना.

"मी तिला पाणी दिलं न्हाई," ती म्हणाली.

"काय?"

"सकाळी. पाजलं म्हटलं ते खोटं होतं. रात्रीही निम्माच वाडगा दिला. ती पाण्याकडं गेली. त्या गळणाऱ्या पाइपकडं. आणि कडेला ती थांबली होती, तुमचा तोल गेला."

गाडी एका पुलावरून गेली, खाली नुसती वाळू.

"घरात पाणी नव्हतं?"

"होतं."

"मग?"

"डब्यात तिनं केलं असतं तर लोक तुम्हाला बोलले असते."

"मला बोलले असते," त्यानं शब्द तोलून पाहिले. "मग मी ऐकून घेतलं असतं. रोजच ऐकतो. सिंधू, तू मला काहीही खोटं सांग, साडी किती रुपयांची ते सांग, शरू पडली ते लपव. पण हिच्याबद्दल न्हाई. मी हिच्या भरवशावर पाय टाकतो. कळतंय का तुला? मला कडेला कुणी नेलं मग?"

तिला कळत होतं. तिनं पिशवीतून वाडगा काढला, बाटली ओतली. लुसीनं दोन घोटांत संपवला. दुसरी बाटली ओतली. शरण्या खाली वाकून बघत राहिली. पिण्याचा लपलप आवाज थांबेपर्यंत वीरभद्र कान देऊन ऐकत होता.

"आता परभणीला तिला उतरवावं लागंल," तो म्हणाला. वाकून त्यानं चाचपत पट्टा उचलला आणि लुसीच्या छातीला बांधायला घेतला. एक बक्कल दोनदा सुटलं. सिंधूचे हात पुढं गेले आणि तिनं ते परत घेतले.

"मी उतरतो. तू डब्यातच राहा."

गंगाखेड गेलं. वीरभद्रच्या मनात राग होता, आणि तो नांदेड येईपर्यंत जाणार नव्हता, कदाचित घरी गेल्यावरही नाही. सिंधूनं तो तसाच राहू दिला.

परभणीला तो उतरला. सिंधू खिडकीच्या गजांना कपाळ लावून बसली. शरण्यानं "बाबा कुठं?" विचारलं, तिनं बोट दाखवलं. फलाटाच्या टोकाचा उतार, खडी, तिथं लुसी. मग परत. गाडीची शिटी झाली तेव्हा तो अजून वीसेक पावलं लांब होता. सिंधू उभी राहिली, पण दाराकडं गेली नाही. गाडी हलायच्या आत पायरीवर पाय वाजले, आधी लुसीचे, मग त्याचे.

तो बाकावर बसला. घामानं सदरा भिजला होता.

"बघत होतीस?"

"हाव. सगळा वेळ."

"मग सांग."

"सांगू? हातगाडीला तिनं डावीकडनं वळसा घातला. पुढं नळ होता, बाया भांडी घेऊन उभ्या होत्या. तिनं मान वळवली, पण पाय थांबवला न्हाई. येताना तुम्ही तिला लवकर वळवायला बघत होता. ती वळेना."

"हां. मला वाटलं, ऐकत न्हाई."

"तिथं पोती रचलेली होती. तुम्ही अडखळून पडला असता."

वीरभद्रचा हात खाली गेला आणि लुसीच्या कानामागं थांबला. "पोती," तो म्हणाला. "कशाची?"

"ते न्हाई बघितलं," सिंधू म्हणाली. "मी तुमचे पाय बघत होते."