सिताकी नावाचा हमाल

न्यामिझी दोन दिवस चालून ताबोरा शहरात आली ती एका चेहऱ्यासाठी. तिचा आजा लुगुशा, नकाशे काढत फिरणाऱ्या एका गोऱ्याच्या तांड्यात ओझी वाहायला गेला, तो परतलाच नाही. तिचा बाप तेव्हा आईच्या पोटात होता. बिचारा म्हातारा होऊन मेला, पण आपला बाप दिसायचा कसा, हे त्याला धड कुणी सांगितलं नाही. डावा कान बिबट्याने फाडलेला, एवढंच. आता त्या काळचे फोटो परदेशातून मागवून ताबोऱ्याच्या सभागृहात लावलेत, असं बाजारात कळलं आणि बाई निघाली. गुडघे कुरकुरत होते, पण गुडघ्यांचं ऐकत बसलं तर माणूस चुलीपाशीच मरायचा.

सभागृह सांभाळणारा म्रिशो तिला एकेक फोटो दाखवत होता. सातव्यापाशी ती थांबली. फाटका कान. कपाळ बापाचं, हनुवटीही बापाचीच. तिला रडू फुटलं.

"कोण हो, आजी?"

"माझा आजा. लुगुशा."

"लुगुशा कसा? खाली नाव छापलंय की. 'विश्वासू हमाल झिटाकी'."

"हे कुठलं नाव? साहेबासारखं नको, आपल्यासारखं वाच."

"सि... ता... की," म्रिशो म्हणाला आणि पुन्हा पाटीकडे वाकला.

सिताकी. म्हणजे इथल्या बोलीत, मला नको. ताबोऱ्यातलं शेंबडं पोरही जेवताना दहादा म्हणतं. गोऱ्याने नाव विचारलं असेल, नाहीतर फोटोसाठी उभा राहा म्हटलं असेल. आजा म्हणाला, नको. गोऱ्याने तेच वहीत उतरवलं. लोकांना नावं ठेवणारे पुष्कळ पाहिले, पण असं नाव कुणी कुणाला ठेवलं नसेल. लुगुशाच्या खांद्यावर पांढऱ्या बाहीतला एक हात होता. दोन महिने म्रिशो येणाऱ्याजाणाऱ्याला तो मैत्रीचा हात म्हणून दाखवत होता. त्या हाताची बोटं खांद्यात रुतली होती.

"मी पाटी बदलतो, आजी," म्रिशो ओशाळून म्हणाला. "आणि तुम्हाला एक प्रत काढून देतो. घरी लावा."

ह्याचसाठी तर ती आली होती. बाप असता तर दोन्ही हात पुढे केले असते त्याने.

"नको म्हणाला ना तो."

"त्या गोष्टीला ऐंशी वर्षं झाली."

"मग? मागाहून येऊन हो म्हणून गेला का?"

 म्रिशोने स्टूल आणलं आणि फोटो खाली उतरवला. "वरचे लोक विचारतील मला," तो पुटपुटला.

"सांग, घरच्यांनी लावू दिला नाही."

पण फोटो हातात आल्यावर तिला तो सोडवेना. कानापासून हनुवटीपर्यंत ती पाहत राहिली, डोळे पुसून पुन्हा पाहत राहिली.

"माफ कर, आजोबा," ती म्हणाली. "मीसुद्धा तुला विचारलं नाही."

मग तिने फोटो भिंतीकडे तोंड करून ठेवला आणि गावाची वाट धरली.