गिरिजाबाई हसत नाहीत

ज्याच्या त्याच्या हातात मोबाइल दिसू लागला, त्याच वर्षांत भाईंदर पश्चिमेला हास्य क्लबांचं पेव फुटलं. सकाळी सोसायटीच्या आवारात वीसेक माणसं हात वर करून हो हो हा हा करत आणि वरच्या मजल्यांवरचे लोक चरफडत खिडक्या लावून घेत. गिरिजाबाईंना ही शुद्ध थेरं वाटत. पण सून समीक्षा ऑफिसला जायच्या आधी त्यांना घेऊन खाली उतरे आणि शेजारी उभी राहून स्वतः खदाखदा हसे.

गिरिजाबाईंचे यजमान लवू दिवाळीनंतर गेले, याच फ्लॅटमध्ये. त्यांच्या चेणे गावात माणूस गेलं की बाया हेल काढून रडतात, गेलेल्याच्या सवयी सांगत रडतात, आणि ऐकणारं गावही रडतं. गिरिजाबाईंनी तसाच गळा काढला, तेव्हा समीक्षाने पाठीवरून हात फिरवत म्हटलं, "आई, हळू. इथे असं नाही करत." पोरगी वाईट नव्हती. डॉक्टर, दाखला, आल्यागेल्याचा चहा, सगळं तिनेच निभावलं होतं. पण ते रडणं गिळलं ते गिळलंच. तेव्हापासून घरादाराला एकच घोर, आई हसत का नाहीत.

क्लब चालवायचे उत्तमराव. दादरची खोली विकून इकडे आलेले, बँकेतून निवृत्त झालेले. मानसशास्त्राची दोन पुस्तकं वाचली होती आणि ती अंगात भिनली होती. त्या दिवशी त्यांनी मोबाइल हास्य घेतलं, म्हणजे रिकामी मूठ कानाला लावून हसायचं. गिरिजाबाई हात खाली सोडून उभ्या राहिल्या.

"गिरिजाताई, रविवारी आपल्या क्लबचा वर्धापन दिन आहे. नगरसेवक येतायत. तुम्ही एकट्या अशा चेहऱ्याने उभ्या राहिलात तर बरं दिसेल का?"

"मना हसू येत न्हाय, साहेब."

"येण्याची वाट बघायचीच नाही. मोठमोठ्या शास्त्रज्ञांनी सांगून ठेवलंय. आपण घाबरतो म्हणून पळत नाही, पळतो म्हणून घाबरतो. शरीर आधी, भावना मागून. तुम्ही नुसतं तोंड उघडून हसा, आनंद आपोआप येईल."

"आई, करा ना थोडं," समीक्षा म्हणाली. "माझ्यासाठी."

गिरिजाबाईंच्या डोक्यात तिडीक गेली. भिंतीवरची तसबीर सरळ करावी तसा जो तो त्यांचं तोंड सरळ करायला निघाला होता. लवूंचं म्हणून त्यांच्यापाशी एवढं दुःखच उरलं होतं, आणि तेही काढून घ्यायला ही मंडळी टपली होती.

"शरीर आधी ना? मंग बघा माजं शरीर काय करतंय."

त्यांनी फरशीवर बसकण मारली, पदर डोक्यावर ओढला आणि गळा काढला. "आरं माज्या लवू रं... बशीतच चहा पिणारा माजा लवू रं... मना चवथ्या माल्यावर ठेवून गेलास रं..."

उत्तमराव नुसते "अहो, अहो" करत राहिले. वरच्या खिडक्या एकेक करून उघडल्या. दुसऱ्या मजल्यावरच्या आनंदीबेन शेजारी येऊन बसल्या आणि त्यांचेही डोळे वाहू लागले. आणखी दोघी-तिघींनी पदर डोळ्यांना लावला. उत्तमरावांनी टाळ्या वाजवून "चला, सिंह हास्य" असं म्हणून पाहिलं, पण कोणी हललं नाही.

समीक्षा जागच्या जागी उभी होती. मूठ अजून कानाशीच होती.

"बाबा भाजीला जाताना मलाच हाक मारायचे," ती म्हणाली. कोणाला म्हणाली ते तिलाही कळलं नसावं. मग ऑफिसच्या कपड्यांनिशी ती सासूच्या मांडीवर कोसळली आणि हमसून हमसून रडू लागली. सासरा गेल्यापासून तिच्या डोळ्यांत कोणी पाणी पाहिलं नव्हतं. ती हसत होती, म्हणून कोणी विचारलंही नव्हतं.

उत्तमराव पुढे सरसावले. "समीक्षा, बेटा, सावर. दीर्घ श्वास घे आणि हळूच एक स्मित—"

गिरिजाबाईंनी पदर मागे सारला. डोळे गळत होते, पण आवाज खणखणीत होता.

"साहेब, हिला कोणी हसवायचं न्हाय. पोरीला रडायचं हाय. रविवारी तुमचा नगरसेवक येऊ दे न्हायतर कोणी येऊ दे, आमी दोगी हितंच बसून रडणार. ज्याला हसायचं असंल त्यानं गेटाबाहेर जाऊन हसावं."