रफूवाल्या काकूंचं शेवटचं कार्ड

मला चूक दिसली की माझी बोटं शिवशिवतात. बावीस वर्षं छापखान्यात प्रुफं तपासली, तेव्हापासूनची ही खोड. औषधाच्या बाटलीवरचं लेबल असो नाहीतर दुकानाची पाटी, आधी चूक दिसते, मग मजकूर. घरचे म्हणायचे, हिच्यापुढे तोंड उघडायची सोय नाही. खरंच नव्हती. मी तापट आहे हे सांगायला मला लाज वाटत नाही. ज्याची वाटते, ते पुढे सांगणार आहे.

माझा थोरला भाऊ, दादा, पुस्तकांचा फिरता विक्रेता होता. दारोदार हिंडून जाडजूड संच विकायचा. एकदा जुन्या गिऱ्हाइकाकडे गेला, तर दहा वर्षांपूर्वी विकलेला संच काचेच्या कपाटात जसाच्या तसा, वरचं प्लास्टिकसुद्धा फाडलेलं नाही. दुसऱ्या एकाने सगळे खंड वाचले होते म्हणे, पण काय वाचलं विचारलं तर बिचारा खिडकीबाहेर बघायला लागला. दादा त्या दिवशी घरी येऊन जेवला नाही. आपण जन्मभर नुसता कागद विकला, एवढंच म्हणाला. पुढच्या महिन्यात नोकरी सोडून त्याने वाचनालय काढलं. वहिनीने कपाळाला हात लावला. मी मात्र त्याच्यासोबत गेले, कारण छापखाना नुकताच बंद पडला होता आणि घरी बसून मी सगळ्यांचं डोकं खाल्लं असतं.

आमचं वाचनालय इतरांसारखं नव्हतं. पुस्तक न्यायचं, वाचून परत करायचं, आणि परत केल्यापासून चाळीस दिवसांनी येऊन ‘सांगायला बसायचं’. हातात पुस्तक नाही, टिपणं नाही. चाळीस दिवसांनंतर डोक्यात जे उरलं असेल तेवढं सांगायचं. तोवर ते पुस्तक आमच्याकडेच राहायचं, आणि सांगायला बसल्याशिवाय पुढचं पुस्तक नाही. ऐकायला मी. मी ते सांगणाऱ्याच्या नावाने एका कार्डावर लिहायची आणि पुस्तकाच्या मागच्या पुठ्ठ्याला चिकटवलेल्या पाकिटात ठेवायची. पुढच्या वाचकाने पुस्तक संपवल्यावरच ते पाकीट उघडायचं, म्हणजे आपल्या आधी वाचलेल्यांजवळ काय उरलं ते त्याला कळायचं. लोक या पाकिटासाठी पुस्तकं संपवायचे, खोटं नाही सांगत. दारावर दादाने स्वतः रंगवलेली पाटी होती: ‘तुमच्याजवळ जे उरलं, ते तुमच्याच शब्दांत.’ नव्या सभासदाला तो हे पुन्हा तोंडीही सांगायचा. लोकांचा विश्वास होता तो या एका वाक्यावर.

आता माझं ऐका. माणूस बोलत असताना मी पाठकोऱ्या कागदावर भराभर खरडायची आणि तो गेल्यावर कार्डावर सुवाच्य अक्षरात उतरवायची. पाठकोरा कागद टोपलीत जायचा. पहिल्याच वर्षी एका निवृत्त ड्रायव्हरने कादंबरीतल्या दोन भावांचा मिळून एकच भाऊ करून टाकला. पुस्तकात दोन आहेत, तर कार्डावर एक कसा चालेल? मी दोन केले. मग बेकरीवाला आला. शेवटी कुत्रा मेला म्हणाला, आणि त्याने डोळे पुसले. कुत्रा धडधाकट होता, शेवटच्या पानावर उन्हात पडलेला. कार्डावर मी तो जिवंत केला. पुढे पुढे नुसत्या चुकाच नाहीत, भाषाही नीट करायला लागले. ‘मग काय झालं’ तिथे ‘त्यानंतर’. अर्धवट वाक्यं पुरी केली. आपलं कार्ड पुन्हा बघायला कोणी येत नसे, पुस्तक तर पुढच्या माणसाकडे गेलेलं असे. दादाला यातलं काही माहीत नव्हतं. मला वाटायचं, मी त्याच्या धंद्याला शिस्त लावते आहे. माझ्या अक्कलहुशारीचं मला कौतुकच होतं.

रफूवाल्या काकू सहा वर्षं आमच्याकडे येत होत्या. दोन गल्ल्या सोडून त्यांचं टपरीएवढं दुकान. कोटाला पडलेलं भोक अशा भरायच्या की मालकालाही सापडू नये. एकट्या राहायच्या. चाळिसाव्या दिवशी बरोबर हजर, बाहीला दोऱ्याची टोकं चिकटलेली. सांगताना माझ्याकडे बघायच्या नाहीत, टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत राहायच्या. गोष्ट मधेच सोडून भलतीकडे जायच्या, कोणाचं वाक्य कोणाच्या तोंडी घालायच्या. मी टोकायची, त्या हसायच्या आणि तसंच पुढे चालू ठेवायच्या. माझा त्यांच्यावर जीव होता, म्हणून त्यांच्यावर जास्तच ओरडायची. गेल्या महिन्यात त्या झोपेतच गेल्या.

पंधरा दिवसांनी त्यांची मुलगी आली. पस्तिशीची असेल. दूरच्या शहरात नोकरीला होती, आईची खोली रिकामी करायला आली होती. कपड्यांच्या ट्रंकेत तिला आमचं सभासदपुस्तक सापडलं आणि शेजारणीने तिला ‘सांगायला बसण्या’बद्दल सांगितलं. ती दारात उभी राहून पाटी वाचत होती. आईने सांगितलेलं सगळं तुमच्याकडे तिच्याच शब्दांत आहे ना, असं तिने दादाला विचारलं. दादा म्हणाला, अक्षर न् अक्षर. मग तिने खालच्या आवाजात सांगितलं की गेली अकरा वर्षं आईशी तिचं बोलणं फोनवरचं, तब्येत कशी, पैसे पोचले का, एवढंच. दुकानातलं सामान तिला नको होतं. आई बोललेली तिला हवी होती.

दादाला तर आभाळ ठेंगणं झालं. काकूंनी वाचलेली एकतीस पुस्तकं त्याने फडताळांतून काढली. चार वाचकांकडे होती, ती सायकलवरून जाऊन मागून आणली. मागच्या खोलीत टेबल पुसून मांडलं. मला बाजूला घेऊन म्हणाला, नऊ वर्षं आपण हे कशासाठी केलं ते आज कळलं बघ. त्याचे डोळे भरले होते. मी मान हलवली. काय करणार होते?

दुपारी ती वाचायला बसली. दादा तिच्यासमोर, मी दाराशी. एकेक कार्ड काढायची, वाचायची, पालथं ठेवायची. पहिल्या चार-पाच कार्डांपर्यंत चेहऱ्यावर उत्सुकता होती. मग कपाळावर आठी आली. एक कार्ड दिव्याकडे धरून तिने विचारलं, आई ‘तथापि’ म्हणायची? दादा हसला, वाचून वाचून माणसाची भाषा सुधारते म्हणाला. तीही हसली, पण आपल्याच घराचा पत्ता चुकल्यासारखी. मला जमीन फाटून गडप व्हावंसं वाटत होतं. मनात म्हणत होते, वाचेल, जाईल, ‘तथापि’ने कोणाचं काही बिघडत नाही.

एकतिसावं कार्ड शेवटच्या पुस्तकाचं. एक मुलगी आईच्या मनाविरुद्ध जहाजाने परदेशी शिकायला जाते, अशी ती कादंबरी. काकूंच्या मुलीने ते कार्ड वाचलं, पुन्हा वाचलं, आणि मग आमच्यासमोर मोठ्याने वाचलं.

“मुलगी निघते. आई तिला निरोप द्यायला धक्क्यावर येत नाही.”

कार्ड तिने खाली ठेवलं नाही. हातात धरूनच तिने सांगितलं. ती घर सोडून निघाली तेव्हा आई म्हणाली होती, गेलीस तर निरोपाला मी येणार नाही. बसस्टँडवर बस सुटेपर्यंत ती पायरीवर उभी होती, कंडक्टर ओरडला तरी आत गेली नाही. आई आली नाही. त्यानंतर दोघींनी तो विषय कधी काढला नाही. कधीतरी आई काहीतरी बोलेल असं तिला वाटत राहिलं. अकरा वर्षं.

“म्हणजे शेवटपर्यंत तिचं तेच होतं,” ती म्हणाली. “बरं झालं, कळलं.”

तिने कार्डं सारखी केली, पुस्तकांवर ठेवली आणि पर्स उचलली. दादा चष्मा पुसत होता. मी आणखी दोन मिनिटं गप्प राहिले असते तर ती गेली असती. पाटी दारावर राहिली असती, दादाचा विश्वास राहिला असता, पाठकोरा कागद केव्हाच रद्दीत गेलेला. कोणाला काही कळलं नसतं. एवढी भीती मला आयुष्यात कधी वाटली नव्हती, छापखाना बंद पडला तेव्हाही नाही.

“बसा,” मी म्हणाले. “त्या असं बोलल्या नव्हत्या. हे मी लिहिलंय.”

मग मी सगळं सांगितलं. दोन भाऊ, कुत्रा, ‘तथापि’. प्रत्येक कार्ड माझ्या हाताखालून गेलंय आणि एकही जसंच्या तसं नाही, हेही सांगितलं. दादाकडे बघायची हिंमत नव्हती, म्हणून मुलीकडेच बघत होते. त्या दिवशी काकू या शेवटच्या पुस्तकाचं सांगायला बसल्या होत्या. मुलगी निघाली, आई धक्क्यावर आली होती, असं त्या म्हणाल्या. मी म्हटलं, आली नव्हती. त्या म्हणाल्या, आली होती. मी म्हटलं, काकू, पुस्तकात स्पष्ट लिहिलंय. एरवी हसून सोडून देणारी बाई त्या दिवशी सोडेना. टेबलावरचं बोट थांबलं आणि सहा वर्षांत पहिल्यांदा त्यांनी माझ्याकडे सरळ बघितलं. त्यांचं ते वाक्य मी कार्डावर घेतलं नाही, पण मला पाठ आहे, कारण त्याचा मला भयंकर राग आला होता.

“लिहिलं नसेल. पण आली होती. पोरीला दिसली नाही, एवढंच.”

आधी दादा बोलला. किती कार्डं, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, सगळी. त्याने चष्मा टेबलावर ठेवला.

“नऊ वर्षं मी लोकांना खोटं सांगत होतो,” तो म्हणाला. “माझ्या तोंडाने.”

तो माझ्यावर ओरडला असता तर मला बरं वाटलं असतं. तो ओरडला नाही. त्याच्याशी काय बोलायचं ते पुढे आयुष्यभर होतंच, पण मुलगी अजून समोर बसली होती. तिचं आमच्या दोघांकडे लक्ष नव्हतं. तिने मला ते वाक्य पुन्हा म्हणायला सांगितलं. मी म्हटलं. अजून एकदा म्हणायला लावलं. मी तिसऱ्यांदा म्हटलं, आणि ती तोंडावर दोन्ही हात घेऊन रडली. बराच वेळ. मी पाणी आणून ठेवलं, ते तिने घेतलं नाही.

मग डोळे पुसून ती पुढे सरकली. ती बसस्टँड आठवत होती, हे मला दिसत होतं. तिकिटाची खिडकी होती, म्हणाली, तिच्यामागे भिंत होती. चहाचा गाडा होता. पलीकडे सामानाची खोली होती, तिथे अंधार असायचा. सगळीकडे तिने बघितलं होतं.

“कुठे उभी होती ती?” तिने विचारलं. “त्याबद्दल काही बोलली का?”

मला खोटं बोलता आलं असतं. भिंतीमागे म्हटलं असतं तर तिने ते घेतलं असतं, आणि जन्मभर सांभाळलं असतं. माझ्या जिभेवर ते आलंही होतं.

“बोलल्या,” मी म्हणाले. “बराच वेळ बोलत होत्या. मी ऐकलं नाही. त्यांना चूक दाखवायला मी पुस्तकात पान शोधत होते.”