एकोणीस नंबरची हजेरी

एकोणीस नंबरसमोरचा ‘पी’ बाकीच्यांपेक्षा जरा देखणाच होता — खोटं काम माणूस जास्त निगुतीनं करतो, असं प्रसेनजीतला वाटून गेलं, आणि त्यानं हजेरीचा कॅटलॉग मिटला. समोर बसलेल्या माणसानं तो पुन्हा उघडला. अंगठ्यानं पान दाबून तो एकेक चौकट बघत होता... डिसेंबर, जानेवारी, परवाचा सोमवार.

आकाराम नाव त्याचं, गडहिंग्लजकडचा. मुलगा सम्राट, बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाला. दिवाळीत बापलेकांचं वाजलं आणि पोरगा कॉलेजला चाललो म्हणून घरातून निघाला. बापही हट्टाचा, तीन महिने चौकशी केली नाही. काल बाप त्याच्या इथल्या भाड्याच्या खोलीवर आला तेव्हा कळलं, दिवाळीनंतर पोरगा तिकडे फिरकलेलाच नाही.

“पोलिसात वर्दी द्याय निघालतो सर,” आकाराम म्हणाला. “आपिसातल्या बाई म्हटल्या, आधी हजेरी बघा. बरं झालं. पोरगं येतंय की कॉलेजला. आता कशाला वर्दी?”

आता सांगायचं. सोपं आहे... तत्त्वज्ञानाच्या वर्गात वीस नावं, एक जरी गळलं तर वर्ग बंद, आणि वर्ग बंद म्हणजे तासिकेवरचा प्रसेनजीत उचगावच्या दोन खोल्यांत दीक्षासमोर बसलेला, आणि ती अजून शेजारणींना ‘आमचे हे प्राध्यापक’ म्हणून सांगते. पोरं सगळी कॉम्प्युटरच्या कोर्सांकडे पळालेली. नाव जिवंत ठेवायचं, बाकी कोण बघतंय, असं विभागप्रमुख गणपतराव सरांनीच पहिल्या वर्षी शिकवलं होतं. प्रसेनजीत हजेरी घेताना एकोणीस म्हणायचा, क्षणभर थांबायचा, लिहायचा. तेवढं थांबणं कशासाठी होतं? अलीकडे त्या थांबण्यात मागच्या बाकावर कुणीतरी सावरून बसतंय असं वाटायचं, आणि मान वर करायची भीती वाटायची.

त्यानं तोंड उघडलं. तेवढ्यात आकारामनं दोन्ही हातांत त्याचा हात धरला. त्याचे हात खरखरीत होते, गरम.

“तुमी बघता त्याला. वाळलाय काय वो?”

“थोडासा,” प्रसेनजीत म्हणाला.

आवाज त्याचाच होता. आकारामनं डोळे पुसले, पाया पडायला वाकला आणि गेटवर बसतो म्हणून निघून गेला.

मी काय बोललो हे? एका शब्दानं मी त्या पोराला आणखी दूर ढकललं... कुठे असेल तो, कसा असेल, असेल का. आणि त्याचा चेहरा? प्रसेनजीतनं डोळे मिटले. जूनपासून दिवाळीपर्यंत पोरगा त्याच्यासमोर बसला होता, आणि नाक, डोळे, काही म्हणजे काही आठवेना. दरवर्षी तीच एकोणीस-वीसची पोरं, तशाच सॅका, तेच भांग. शहर म्हातारं होतं, शिकवणारे म्हातारे होतात, ही तेवढी आहेत तशीच राहतात.

बाराच्या सुमाराला तो बाहेर पडला. गेटच्या समोरच्याच बसथांब्यावर उभा राहिला. भर उन्हात पोरांचा लोंढा बाहेर पडत होता आणि आकाराम प्रत्येक घोळक्याला उठून उभा राहत होता, घोळका गेला की बसत होता. लोंढ्यात एक जण दिसला — थोडासा वाळलेला, पाठमोरा — आणि प्रसेनजीत दोन पावलं पुढे झाला. तो पोरगा वळला. भलताच कुणी. मग कळलं की आपण ज्याला शोधतोय तो आपणच घडवलेला आहे, मघाशी, एका शब्दातून.

उचगावची बस आली, थांबली, गेली.

मी रस्ता ओलांडला. सांगायचंच होतं. पोलीस ठाणं काही लांब नव्हतं, मी स्वतः त्याला घेऊन गेलो असतो. आकारामनं टॉवेलनं पायरी झटकून माझ्यासाठी जागा केली.

“बसा सर. तुमी वळकाल लगीच,” तो म्हणाला. “माझी नजर आता लांबवर चालत न्हाय.”

मी बसलो. काका, ऐका, एवढं म्हणालोही. पण तेवढ्यात फाटकातून पुढचा घोळका आला आणि आम्ही दोघंही उठून उभे राहिलो.