अस्वल, मादी, प्रौढ

मार्करचं टोपण दातांत धरून तिने कागदावर सांगाड्याचा कणा ओढला. मानेपासून शेपटापर्यंत, एकाच दमात.

बरगड्यांच्या चौदा जोड्या.

मिक्सरच्या भांड्यात पाती चार असतात, पण ती काढते त्या माहितीपत्रकातल्या चित्रात त्यांना आकडा एकच देतात.

डोळ्यांचे डॉक्टर बाबांना म्हणाले होते, मधलं जाईल, कडा राहतील. म्हणजे समोर माणूस उभा राहिला तर त्याचे कान दिसतील, तोंड दिसणार नाही.

अकरा वर्षांपूर्वी एका आठवड्यात तीन अस्वलं तापाने गेली, तिन्ही माद्या. एक संग्रहालयाने मागून नेली, दोन जाळल्या. प्राणिसंग्रहालयाच्या वहीत तिन्ही ओळींत एकच शब्द: अस्वल.

कृपया हात लावू नये.

"झालं का?" बाबांनी विचारलं.

"अजून पाय राहिलेत."

"पायच तर बघायचेत."

बाबा संग्रहालयात सांगाड्यापुढच्या दोरीच्या अलीकडे घडीच्या खुर्चीवर बसले होते, मान वाकडी करून, कोंबडं दाणा बघतं तसे. हल्ली समोरचं काही बघायचं तर त्यांना तिरकंच बघावं लागे. अठ्ठावीस वर्षं त्यांनी अस्वलांचे पिंजरे सांभाळले होते, त्यातली शेवटची नऊ ठमीचा. ठमी पिल्लू असताना कठड्यावरून पडली आणि तिचा पुढचा डावा पाय कोपराखाली मोडला. हाड जुळलं, पण जुळल्या जागी बोराएवढी गाठ राहिली. दोरीपलीकडे उभी आहे ती ठमी की उरलेल्या दोघींपैकी कुणी, हे सांगणारी तेवढी एकच खूण होती. पाटीवर फक्त लिहिलं होतं: अस्वल, मादी, प्रौढ.

सांगाडा बाबांना धुरकट दिसे. कागद मात्र डोळ्याच्या कडेशी धरता येई. म्हणून मुलगी रविवारी मोठा कागद आणि जाड काळा मार्कर घेऊन त्यांना इथे आणत होती.

"अकरा वर्षं झाली," ती म्हणाली. "आधी का नाही आलात?"

"तेव्हा डोळे होते. धीर नव्हता."

बंद व्हायची घंटा झाली. दालनातले दिवे टोकाकडून एकेक करून विझत येऊ लागले. मुलगी डाव्या पायाशी पोचली तेव्हा बाबा खुर्चीच्या कडेला आले होते, आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसले होते. तिने कोपर काढलं, त्याखाली हाड काढलं, हाडावर गाठ काढली.

बाबांनी कागद कानाजवळ नेला आणि हळूहळू सरकवला. एका जागी थांबले.

"आहे," ते म्हणाले.

बराच वेळ त्यांचं बोट तिथेच होतं. मग त्यांनी विचारलं, "गाठ कुठल्या बाजूला? आत की बाहेर?"

"बाहेर."

त्यांनी कागदाची गुंडाळी केली. घट्ट केली, मग आणखी घट्ट.

"ठमीची आत होती. छातीकडे."

बसमध्ये ते गुंडाळी मांडीवर धरून बसले. तिसऱ्या थांब्याला म्हणाले, "तू वर बघितलंच नाहीस."

"असं का म्हणता?"

"मार्करचा आवाज येतो की. प्रत्येक हाडाला तू थांबायचीस. तिथे नाही थांबलीस."

"चुकलं माझं, बाबा."

"चुकलं असतं तर बरं होतं," ते म्हणाले आणि खिडकीकडे वळले. खिडकीतून त्यांना काय दिसत होतं कोण जाणे.

पुढच्या रविवारी तिने सबंध अस्वल काढायला घेतलंच नाही. फक्त तो पाय.

गाठ नव्हती. हाड सरळ होतं, गुळगुळीत, शाळेच्या पुस्तकातल्यासारखं.

मिक्सर, पंखे, इस्त्र्या यांच्या माहितीपत्रकांतली चित्रं काढणं हे तिचं पोटापाण्याचं काम. साच्यातून निघालेल्या प्रत्येक वस्तूच्या अंगावर केसाएवढी एक शिवण असते. ती चित्रात घ्यायची नसते, हे तिला पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं. आता ती शिवण तिच्यासमोर होती, कोपरापासून पंजापर्यंत सरळ उतरलेली. बाकीच्या हाडांच्या टोकांना टाचणीने टोचल्यासारखी बारीक छिद्रं होती. या हाडाला एकही नव्हतं. बाकीची हाडं जुन्या दातांच्या रंगाची होती, हेही होतं, पण याचा रंग सगळीकडे सारखा होता. सवयीने तिने ती रेघ सोडून दिली. मग थांबली. पेन्सिल काढून ती रेघ कागदावर ओढली, आणि ओढल्यावर तिला कळलं आपण काय काढलं ते.

शेजारच्या दालनात एक माणूस हरणाच्या शिंगांवरची धूळ ब्रशने झाडत होता. इथले सगळे सांगाडे त्याने जोडलेले, म्हणून त्याला जोडारीच म्हणत.

"मामा, अस्वलाच्या डाव्या पायातलं ते हाड प्लास्टरचं आहे ना?"

जोडाऱ्याने आधी मागे पाहिलं. "कोण म्हणालं?"

"शिवण दिसते."

"अकरा वर्षांत कुणाला दिसली नाही. मोठमोठे लोक फोटो काढून गेले."

"खरं हाड कुठाय?"

"ते वाकडं होतं. गाठ होती त्याला. साहेब म्हणाले, शाळेची पोरं नमुना बघायला येतात, त्यांना खोट कशाला दाखवायची. मग दुसऱ्या अस्वलाच्या हाडावरून साचा काढला."

"गाठ आत होती की बाहेर?"

जोडाऱ्याने स्वतःचा डावा हात पुढे केला, उजव्या हाताचं बोट कोपराखाली फिरवलं. बोट आतल्या बाजूला येऊन थांबलं.

"आत."

"ते हाड बघायला मिळेल?"

"गोदामात होतं बरीच वर्षं. मग गोदामाला रंग द्यायचा निघाला." त्याने ब्रश झटकला. "रंग काही दिला नाही. पण सामान गेलं."

तिने त्याला बाही धरूनच आणलं.

"बाबा, ही ठमीच आहे."

तिने सगळं सांगितलं. बाबा मान वाकडी करून ऐकत होते.

"म्हणजे," ते म्हणाले, "गाठ नाही, म्हणून ठमी."

"मामांना विचारा ना. गाठ आत होती, ते स्वतः म्हणाले."

"आत होती हे मागच्या रविवारी मीच तुला सांगितलं."

"काका, खोटं कशाला बोलू?" जोडारी म्हणाला. "या हातांनी काढलंय ते हाड."

"आणखी काय होतं तिला? दात? नखं?"

जोडाऱ्याने कवटीकडे पाहिलं, जमिनीकडे पाहिलं. प्रामाणिकपणे आठवत होता. "दीडशे तरी सांगाडे जोडले असतील, काका. आता असं नेमकं नाही सांगता येत."

"चहा पाजला का हिने तुम्हाला?"

"मागच्या रविवारी पाजला होता," जोडारी म्हणाला. "ही खुर्ची आत आणू दिली म्हणून."

बाबा हसले. मोकळे हसले, टोमणा नव्हता त्यात. जोडाऱ्यालाही हसू आलं. मुलीने दोघांकडे पाहिलं आणि मार्करचं टोपण लावलं.

"हिची आई अशीच होती," बाबा त्याला म्हणाले. "ताप एकशेतीन असला तरी शंभर सांगायची. वर म्हणायची, थर्मामीटरची काचच खोटी आहे."

"बाबा, या वेळी मी वर बघितलं."

"हो. ऐकलं ना मी. थांबत होतीस." त्यांनी अंदाजाने हात पुढे केला, तो तिच्या दंडाला लागला. "म्हणून तर कळलं, गाठ नाही ते."

तिने चित्र त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते कडेशी धरून वरपासून खालपर्यंत सरकवलं. काळ्या रेघांवरून त्यांचं बोट नीट गेलं. मधली पेन्सिलीची फिकट रेघ त्यांना दिसली नाही.

"हात बसलाय तुझा," ते म्हणाले. "चांगलं काढलंस."

जोडाऱ्याने खुर्चीची घडी घालून दिली. "पुढच्या रविवारी याल ना, काका?"

"आता कशाला?"

दोरीला धरून बाबा उठले. सांगाड्याकडे तोंड करून जरासे वाकले, आणि परक्याच्या घरून उठताना म्हणतात तसं म्हणाले, "बराय. येतो आम्ही."

ठमी मेली आणि तिला उचलून नेलं त्या दिवशी बाबा रजेवर होते. मुलीच्या शाळेत चित्रांचं प्रदर्शन होतं, ते बघायला गेले होते.