फीत कापेपर्यंत

थोरल्या दिरांना सगळे दादा म्हणत, म्हणून धाकटी सूनही दादाच म्हणायची; मनात काय म्हणायची ते न विचारलेलंच बरं. अंडी उबवायच्या शेडवर दादांनी सोलर बसवलं, बॅटऱ्या घेतल्या आणि येईल त्या पाहुण्याला स्वच्छ ऊर्जेवर पिळायला सुरुवात केली. सगळं जोडून तयार होतं, फक्त सुरू करायचं नव्हतं. वीज खात्याचे मोठे साहेब येणार, फीत कापणार, बटण दाबणार आणि मगच सूर्याने कामाला लागायचं! तोवर बटणाच्या पेटीला कुलूप आणि किल्ली दादांच्या खिशात.

उद्घाटनाच्या आदल्या दुपारी वीज गेली. उबवायच्या मशीनमध्ये धाकटीच्या अंड्यांची पहिलीवहिली खेप होती, पिल्लं बाहेर पडायच्या बेतात. काही अंड्यांना तडे गेले होते. कान लावला की आतून चिवचिव ऐकू यायची. बाहेर ऊन रणरणत होतं.

दादा दारावर फुगे लावत होते.

"दादा, किल्ली द्या. पिल्लं जातील."

"अगं, आधीच चालू केलं तर साहेब दाबणार काय? माझं डोकं?"

"उद्या सकाळी बंद करू की. कुणाला कळणार आहे?"

"मला कळेल ना!"

दादांची तत्त्वं अशी नेमकी नको तेव्हा जागी व्हायची.

तिने नवऱ्याकडे पाहिलं. "दादा म्हणतात तर थांब ना," असं म्हणून तो खुर्च्या पुसायला लागला. असल्या नवऱ्याचं काय लोणचं घालायचं?

वीज काही आली नाही. तिने मशीनवर घरातली सगळी पांघरुणं टाकली, आत गरम पाण्याच्या पिशव्या ठेवल्या, निवल्या की पुन्हा भरल्या, रात्रभर. सकाळी चिवचिव थांबली. तिला रडू आलं, पण त्याहून जास्त संताप आला.

साहेब आले. फीत कापली, बटण दाबलं. दिवे लागले, मशीनचा पंखा घरघरायला लागला. टाळ्यांची सुरुवात दादांनीच करून दिली.

"उन्हाचं सोनं केलंत हो!" साहेब म्हणाले. "पिल्लं दाखवा की."

दादा डोळ्यांनी खुणावत होते. धाकटीने तिकडे बघितलंच नाही. तडा गेलेलं एक अंडं उचलून तिने साहेबांच्या तळहातावर ठेवलं.

"गार लागतंय," साहेब गोंधळले. "आणि आत काही हलत कसं नाही?"

"काल हलत होतं," ती म्हणाली. "पण काल तुम्ही आला नव्हतात ना."