थंडबाबांचं गार पाणी

कुंडी पालथी झाली आणि सगळे एकदम पुढे सरकले. गुलाबाच्या मुळांशी हुमणीच्या अळ्या पडल्या होत्या. एरवी पांढऱ्या, गुबगुबीत, वेटोळं घालून मुळं कुरतडणाऱ्या. आता लिबलिबीत आणि विटेसारख्या लाल. एकही हलत नव्हती.

"पाहिलंत?" थंडबाबा गरजले. "पांढऱ्या कपड्यातलं पाप! माझं पाणी पडलं आणि खरा रंग बाहेर आला!"

आमच्या रोपवाटिकेतल्या सगळ्यांनी हात जोडले. मालकीणबाईंनी डोळे पुसले. निम्मी कलमं या अळ्यांनी फस्त केली होती, त्यामुळे त्यांना तरी काय बोलावं!

थंडबाबा हे नाव आमच्याच लोकांनी ठेवलेलं. बाबांचं मंतरलेलं पाणी बर्फाच्या पेटीतून यायचं. आठवड्यापूर्वी पहिल्यांदा आले तेव्हा त्यांच्या अटी ऐकून मी चक्रावले होते. माती आधी भिजवा, ऊन उतरल्यावरच पाणी घाला, फवारणीचं औषध जवळ आणू नका.

"बाबा, मंत्राला ऊन बाधतं?" मी विचारलं होतं. "लोणी आहे का ते?"

"शंकेखोराच्या हातचं झाड वाळतं, आजी."

"माझ्या हातची झाडं इथं विकली जातात. वाळकी कोण घेतं?"

तेव्हा सगळे हसले होते. आज कोणी हसेना, कारण अळ्या खरंच मेल्या होत्या. मलाही ते दिसत होतं, आणि तेच खुपत होतं. लबाडाचा माल खोटा निघाला तर सोपं असतं. खरा निघाला की माणूस त्याच्या मागून डोळे मिटून चालायला लागतो.

तसंच झालं. बाबांनी आवाज खाली आणला. "जे पाणी मातीतली कीड मारतं, ते जखमेतली सोडेल?"

माझ्या शेजारी माझी धाकटी बहीण उभी होती. तिला साखरेचा आजार. पायाच्या करंगळीची जखम भरत नव्हती, आणि असंच चाललं तर बोट काढावं लागेल, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं. सुरीच्या भीतीने ती अर्धी झाली होती.

"उद्या संध्याकाळी पाय धुऊन देतो," बाबा तिला म्हणाले. "पण आजपासून इंजेक्शन बंद, पट्टी बंद. औषध आणि हे पाणी एका घरात नांदत नाहीत."

घरी आल्यावर तिने पट्टी सोडून फेकली. मी चिडले, हातापाया पडले.

"अळ्या मेल्या की नाही, ताई?" एवढंच ती म्हणाली.

त्या कशाने मेल्या, ते शोधायला मी दुसऱ्या दिवशी निघाले. उरलेल्या वाफ्यांसाठीचं पाणी कचेरीतल्या फ्रिजमध्ये होतं. त्यातलं थोडं डब्यात घेतलं आणि दवाखाना गाठला. डॉक्टरीणबाईंनी थेंब काचेवर ठेवून सूक्ष्मदर्शकात पाहिलं आणि हसल्या.

"आजी, हे पाणी जिवंत आहे."

संध्याकाळी त्या सूक्ष्मदर्शक घेऊन माझ्याबरोबर रोपवाटिकेत आल्या. कलमं बांधायच्या टेबलाशी धाकटी उघडा पाय स्टुलावर ठेवून बसली होती. बाबांनी बाटली उघडली.

"थांबा," मी म्हटलं. "जखमेवर घालायचंय, तर उकळून घेऊ."

"उकळलं की शक्ती जाते!"

"जाणारच," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "उकळल्यावर कोण जिवंत राहील?" त्यांनी बाटलीतला थेंब काचेवर घेतला आणि धाकटीला बोलावलं. "तुम्हीच बघा."

धाकटीने सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला.

"हे... वळवळतंय."

"सूत्रकृमी," डॉक्टरीणबाईंनी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. "दोऱ्यासारखे बारीक किडे. हुमणीच्या अंगात शिरतात, पोटातले जिवाणू तिच्यात सोडतात. त्यांनीच ती मरते, लाल होते. हे ओल्या मातीत जगतात, उन्हात मरतात, म्हणून या अटी. शेतीसाठी पाकिटात विकत मिळतात. माणसाच्या वाटेला ते जात नाहीत. पण हे पाणी उघड्या जखमेवर घालणं आणि इंजेक्शन बंद करणं म्हणजे पाय घालवणं."

"हा ईश्वराचाच..." बाबांनी सुरुवात केली.

धाकटी उठली. "किडे माझ्या पायावर ओतणार होतास? आणि मी तुला हात जोडले!"

बाबा बर्फाची पेटी तिथंच टाकून निघून गेले.

त्याच संध्याकाळी इंजेक्शन सुरू झालं. तरी करंगळी गेली. पाय वाचला. तो एक दिवस चुकला नसता तर फरक पडला असता का, हे डॉक्टरीणबाईंनाही सांगता येईना, आणि मीही पुन्हा विचारलं नाही.

सूत्रकृमींची पाकिटं आता मालकीणबाई स्वतः मागवतात. मीच ती पाण्यात कालवते आणि ऊन उतरल्यावर वाफ्यांना घालते. मंत्र म्हणत नाही, तरी हुमण्या लाल होऊन मरतात.

म्हणून सांगते. कोणी चमत्कार दाखवला तर तो झाला का, एवढंच पाहून थांबू नका. कशाने झाला, तेही विचारा. आणि विचारल्यावर जो रागावेल, त्याच्या हाती आपला पाय देऊ नका.